शामुसा, सार्डिन आणि हुंड्यातली मुंबई

लिस्बनमध्ये सकाळी कुठल्याही पाश्तेलारियात, म्हणजे बेकरी आणि कॅफे एकत्र असलेल्या दुकानात शिरलं, की काचेच्या कपाटात बहुतेक वेळा सामोसे मांडलेले दिसतात. पोट सुटलेले पंजाबी सामोसे नव्हेत. पट्टीचे, चपटे, आत खिमा. शेजारी सुक्या माशाचे लांबट वडे, कोळंबीचं सारण भरलेले अर्धगोल रिसोल, आणि गोडात चार-सहा प्रकार. या सगळ्यांत सामोसा इतका निवांत बसलेला असतो की तो परगावचा आहे हे तिथल्या कुणाच्या ध्यानीमनीही नसावं. तिथे त्याला शामुसा म्हणतात. तो गोव्याहून आला, आणि बराचसा मोझांबिकमार्गे आला. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झालं, तेव्हा तिथे पिढ्या काढलेले गोंयकार, गुजराती व्यापारी, इस्माइली कुटुंबं अशी पुष्कळ माणसं लिस्बनला येऊन राहिली. माणसं आली की त्यांच्याबरोबर कढईही येतेच.

मी काउंटरपाशी उभी राहून शामुसा आणि बिका, म्हणजे दोन घोटांत संपणारी कडक कॉफी, असा नाश्ता केला. उभ्याने प्यायलं तर कॉफी बऱ्याच ठिकाणी स्वस्त पडते, बाहेर फुटपाथवरच्या टेबलावर बसलं की महाग. माझा सहकारी शाकाहारी, त्यामुळे तो नुसत्या बटर लावलेल्या टोस्टवर होता आणि फोनमधली यादी वाचून दाखवत होता. कामाचं आदल्या दिवशी आटपलं होतं, विमान रात्री उशिराचं, मधला अख्खा दिवस आमचा. त्याच्या यादीत अठ्ठावीस नंबरची ट्राम होती, किल्ला होता, लोखंडी लिफ्ट होती, सूर्यास्त बघायच्या तीन जागा होत्या.

"आणि तुला काय बघायचंय?" त्याने विचारलं.

"मला एक गेंडा बघायचाय. बाकी खायचंय."

अठ्ठावीस नंबरच्या ट्रामचा हट्ट मी आधी मोडून काढला. पिवळी, लाकडी बाकांची ही छोटी ट्राम दिसायला फार गोड, पण जूनमध्ये तिच्यासाठी रांगेत उभं राहायचं, आत चेंगरून घ्यायचं आणि वर पाकीट सांभाळायचं, एवढं करून खिडकीतून जे दिसतं ते पायी चालत जास्त चांगलं दिसतं. फक्त बूट चांगले हवेत. इथले फुटपाथ चुनखडीच्या पांढऱ्या आणि बेसॉल्टच्या काळ्या चौकोनी खड्यांनी हाताने जडवलेले असतात. लाटा, वेली, जहाजं अशी त्यांत नक्षी. वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले. उतारावर तर त्यांच्यावर भरवसा ठेवूच नये, आणि हे शहर सगळं उतारांचंच.

सपाट भाग त्यातल्या त्यात एकच, बाइशा. काटकोनात आखलेले रस्ते, एका उंचीच्या इमारती, एकसारख्या खिडक्या. एवढी शिस्त जुन्या शहरात कुठून आली, याचं उत्तर १ नोव्हेंबर १७५५ मध्ये आहे. त्या दिवशी सकाळी, ऑल सेंट्स डेच्या प्रार्थनेसाठी चर्चेस भरलेली असताना भूकंप झाला. वेदींवर पेटवलेल्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, त्या कित्येक दिवस विझल्या नाहीत, आणि जी माणसं मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावली त्यांच्यावर समुद्राची लाट आली. नंतर राजाच्या मंत्र्याने, पोंबालच्या मार्किसने, खालचं शहर नव्याने आखलं. भिंतींच्या आत लाकडाचा फुलीफुलीचा पिंजरा बसवायचा, म्हणजे जमीन हलली तरी इमारत लवचीकपणे हलेल आणि उभी राहील, अशी युक्ती त्या वेळी काढली गेली. तिचा नमुना चौकात उभारून भोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि तो टिकतो का ते पाहिलं, असं सांगतात. आज त्याच भिंतींना टेकून फ्रिजवर चिकटवायचे लोहचुंबक विकायची दुकानं आहेत.

रस्ता संपतो तिथे नदीकडे तोंड करून एक भलामोठा चौक आहे. भूकंपाआधी इथे राजवाडा होता आणि त्याला लागून कासा दा इंदिया, म्हणजे पूर्वेच्या व्यापाराची कचेरी. कालिकतहून, कोचीनहून, गोव्याहून आलेली मिरी, दालचिनी, लवंग या कचेरीच्या हिशेबात चढायची. कचेरी गेली, राजवाडा गेला. सहकाऱ्याने चौकाचे फोटो काढले. मला तिथे कबुतरांखेरीज फारसं काही दिसलं नाही.

मागे फिरून रोसियो नावाच्या चौकाजवळ साँव दुमिंगुशच्या चर्चपाशी आलो. बाहेरून कुठल्याही चर्चसारखं. आत गेल्यावर मात्र पाय थबकतात. १९५९ मध्ये इथे आग लागली. नंतर डागडुजी करताना छप्पर नवं घातलं, पण जळून तडकलेले, कपचे उडालेले दगडी खांब तसेच ठेवले. त्यांवरून हात फिरवला तर कडा अजून बोचतात. याच चर्चपासून १५०६ मध्ये ज्यूंची कत्तल सुरू झाली, तिचं स्मारक बाहेरच्या चौकात आहे. आणि त्याच चौकात, स्मारकापासून हाकेच्या अंतरावर, १८४० पासून चालू असलेलं एक खिंडीएवढं दुकान आहे. तिथे जिंजीन्या मिळते: आंबट चेरी दारूत मुरवून केलेली गोड, लालभडक लिकर. विकणारा एकच प्रश्न विचारतो, चेरीसकट की चेरीशिवाय? चेरीसकट घ्यायची, आधी पेला रिकामा करायचा, मग तळाशी राहिलेली चेरी तोंडात घोळवायची आणि बी थुंकायची. दुकानापुढची फरशी त्यामुळे कायम चिकट. सकाळचे अकरासुद्धा वाजले नव्हते आणि तीन आजोबा तिथे पेले हातात धरून राजकारणावर तावातावाने भांडत होते. शब्द एक कळत नव्हता, विषय मात्र पुरता कळत होता.

आल्फामा हा भूकंपातून बऱ्यापैकी बचावलेला भाग. मूर लोकांच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांच्या काळातल्या गल्ल्या, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं अशा. जून हा या गल्ल्यांचा महिना. सांतु आंतोनियु, म्हणजे आमच्या वसईकडेही ज्याच्यापुढे मेणबत्ती लावतात तो सेंट अँथनी, याच शहरात जन्मला, आणि १३ जूनला त्याचा सण. आधीपासूनच गल्लीभर रंगीत कागदी पताका लागतात आणि घराघरांपुढे कोळशाच्या शेगड्या येतात. खिडक्यांत बारीक पानांच्या सब्ज्याची कुंडी ठेवतात. झुडूप चेंडूसारखं गोल कापलेलं, त्यात कागदी फूल आणि चार ओळींची प्रेमाची कविता लिहिलेली चिठ्ठी खोवलेली. मी वास घ्यायला वाकले तशी दारात बसलेली एक आजी चित्कारली. नाक लावायचं नाही! तिने स्वतःचा तळवा झुडपावरून हलकेच फिरवला आणि तो माझ्या नाकापुढे धरला. नाक लावलं की झाड मरतं, असा तिथला समज. वास सब्ज्याचा, त्यात किंचित लवंगेची झाक. ही झाडं तुळशीच्या कुळातली, त्यामुळे मला परकं काहीच वाटलं नाही. सहकाऱ्यानेही निमूटपणे तळवा फिरवून घेतला.

आजीच्या शेजारच्याच तास्कात, म्हणजे कागदाचं टेबलपोस पसरलेल्या छोट्या खानावळीत, जेवायला बसलो. बसताक्षणी न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी आणि एक छोटं चीज समोर आलं. हे फुकट नसतं. खाल्लं तर बिलात लागतं, हात लावला नाही तर लागत नाही. प्रवासी लोक यावर फार चिडलेले असतात, त्यांनी फसवणूक वगैरे शब्द वापरलेले असतात. मला ही पद्धत चोख वाटते. ऑलिव्ह नको असतील तर "नको" म्हणावं, तेवढं बोलायला कुणाची बंदी आहे?

सार्डिन म्हणजे आपली तारली, निदान तिची सख्खी चुलत बहीण. जूनमध्ये ती चरबीने भरते, म्हणून सणाची सार्डिन. पोट साफ न करताच, वरून फक्त जाडं मीठ टाकून ती शेगडीवर ठेवतात. कातडी फुगते, फुटते, चरबी निखाऱ्यावर पडते आणि गल्ली धुराने भरून जाते. खायची रीत अशी: जाड पावाचा काप घ्यायचा, ताट म्हणून. त्यावर मासा ठेवायचा. कातडी सोलून वरची बाजू बोटांनी उचलायची, शेपटीकडून काटा धरून अख्खा वर ओढायचा, मग खालची बाजू. दुसरी सार्डिन त्याच पावावर. तिसरीही. तोवर पावात तेल, मीठ आणि धूर मुरलेला असतो, आणि सगळ्यात शेवटी तो पाव खायचा. मासे ही त्या पावाची पूर्वतयारी आहे असंच मला वाटायला लागलं. काटा ओढण्याचं मला कुणी शिकवायला नको होतं. खानावळवाल्याने माझ्या ताटातले स्वच्छ सांगाडे पाहून मान डोलावली, आणि त्या दिवसातली सर्वांत मोठी दाद मला तीच वाटली.

शाकाहाऱ्याचं काय होणार अशी मला धाकधूक होती. हिरव्या पालेभाजीचं, बटाट्याचं प्रसिद्ध सूप मागवावं तर त्यात डुकराच्या सॉसेजची चकती. पण फळ्यावर खडूने पेशिन्युश दा ओर्ता लिहिलेलं होतं, आणि आली ती फरसबीच्या अख्ख्या शेंगांची भजी. पिठात बुडवून तळलेली, कुरकुरीत, मीठ भुरभुरवलेली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पिठात बुडवून तळायची ही तऱ्हा जपानला नेली आणि तिचं तिथे तेम्पुरा झालं, असं मानतात. सहकाऱ्याने दोन प्लेटा संपवल्या आणि पहिल्यांदाच फोन खिशात ठेवला.

बेलेमला जायला आम्ही काइश दु सुद्रेहून लोकल धरली. डाव्या हाताला तेजु नदी, इतकी रुंद की समुद्रच वाटावा, वर लाल लोखंडी झुलता पूल. डब्यातल्या दारावर स्टेशनांची नावं होती. सांतुश, आल्कांतारा, बेलेम, आल्जेश, क्रुश केब्राडा, आणि पुढे काशियाश. त्या नावावर माझी नजर अडकली. मोहन रानडे तिथल्या तुरुंगात होते. मूळचे सांगलीचे, गोव्यात मराठी शिकवायला गेले, आझाद गोमंतक दलात सामील झाले आणि १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मोकळा झाला. रानडे सुटले १९६९ मध्ये. ज्या भूमीसाठी तुरुंग पत्करला ती स्वतंत्र होऊन सात वर्षं उलटली, तरी हा माणूस या नदीच्या काठी कैदेत. आमच्या डब्यात त्या दिवशी काशियाशच्या पुढच्या समुद्रकिनाऱ्यांवर निघालेली पोरं होती, टॉवेल खांद्यावर, पायांत स्लिपर, एकाच्या हातात कलिंगड. त्यांच्याकडे बघत मी बेलेमला उतरले.

जेरोनिमुश मठाबद्दल वाईट बोलणं अवघड आहे. १५०१-०२ च्या सुमारास बांधायला घेतलेला, आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून. दगडात दोरखंड कोरलेत, गाठी कोरल्यात, शिंपले, पोवळी, पानं. चर्चचे खांब ताडाच्या झाडांसारखे वर जाऊन छतात पसरतात. आत शिरल्यावर डाव्या हाताला वास्को द गामा झोपलेला आहे, हात जोडून, दगडी उशीवर. तो मेला कोचीनला, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. समोर उजवीकडे कवी कामोइंश. लोक रांगेने दोघांचे फोटो काढत होते. वेदीजवळ राजा मानुएलची शवपेटी आहे आणि ती संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेली आहे. शेजारच्या राजाचीही तशीच. मी त्या हत्तींपाशी बराच वेळ उभी होते.

"सगळं आपल्याच मिरीवर उभं आहे," मी कुजबुजले. खरं तर जरा तणतणलेच.

सहकारी वाईचा. तो शांतपणे म्हणाला, "आणि आमच्या मेणवलीच्या घाटावर घंटा टांगली आहे, मेरी आणि बाळ येशू कोरलेली, ती कुणाची?"

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रभर गेल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. माझं माहेर वसईजवळ, किल्ल्यातल्या छप्पर उडालेल्या चर्चेसच्या कमानींखाली आमच्या शाळेच्या सहली जायच्या. रिकामे घंटाघराचे मनोरे बघतच मी मोठी झाले. त्यामुळे त्याला उत्तर द्यायला मीच सर्वांत नालायक होते. हिशेब मांडायला बसलं की आपल्या बाजूची रक्कमही लिहावी लागते, आणि ती तेवढी एक घंटा नाही हे मला ठाऊक आहे. तरी हत्ती ते हत्तीच. माझी तणतण पूर्ण गेली नाही.

मठाजवळच पाश्तेल द बेलेमचं, म्हणजे अंड्याचं कस्टर्ड भरलेल्या पापुद्र्याच्या वाट्यांचं दुकान, १८३७ पासूनचं. मठांत कपड्यांना खळ करायला अंड्यांतलं पांढरं वापरायचे, उरलेल्या पिवळ्या बलकांची गोडं करायचे, असं सांगतात. १८३४ मध्ये धार्मिक मठ बंद झाले आणि कृती बाजारात आली. बाहेरची रांग पार्सलवाल्यांची असते; आत निळ्या-पांढऱ्या टाइलच्या खोल्यांमागून खोल्या आहेत. वाटीचा पापुद्रा दातांखाली आवाज करत फुटला पाहिजे आणि आतलं कस्टर्ड गरम, वरून काळे डाग पडेपर्यंत भाजलेलं. टेबलावर दालचिनीची आणि पिठीसाखरेची डबी असते. दालचिनी मी सढळ हाताने घेतली. शहरात इतरत्र मिळणारे याहून कमी गोड आणि मला विचाराल तर तितकेच चांगले, पण गरम खायचा असेल तर इथे इतका खप आहे की थंड मिळायची सोयच नाही.

नदीकाठचं शोधयात्रांचं स्मारक आम्ही भरभर ओलांडलं. ते १९६० चं, सालाझारच्या हुकूमशाहीने उभारलेलं, दगडी गलबतावर दगडी वीर. गोवा हातचा जायला तेव्हा दीड वर्षही उरलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यांवर मात्र त्याची काही कुणकुण नाही.

मग गेंडा. तो बेलेमच्या बुरुजावर आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर शाह याच्याकडे पोर्तुगीजांचा हिंदुस्थानातला गव्हर्नर आल्बुकर्क याने दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली. सुलतानाने परवानगी दिली नाही, गेंडा दिला. आता गेंड्याचं करायचं काय? आल्बुकर्कने तो राजाकडे पाठवून दिला. १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून निघालेला हा प्राणी मे महिन्यात लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात गेंडा कुणी पाहिला नव्हता. राजाने त्याला हत्तीपुढे उभं केलं, कोण जिंकतो बघायला. हत्ती पळून गेला. जर्मनीत बसलेल्या ड्यूरर या चित्रकाराने कुणीतरी पाठवलेल्या चित्रावरून आणि वर्णनावरून त्याचं लाकडी ठशाचं चित्र काढलं, अंगावर चिलखतासारखे पत्रे आणि पाठीवर एक जास्तीचं शिंग असलेलं, आणि युरोप पुढे दोन-अडीचशे वर्षं गेंडा तसाच असतो असं समजून चालला. राजाने मग तो पोपला भेट म्हणून जहाजाने पाठवला. इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. गेंडा साखळदंडांनी बांधलेला होता.

बुरुजाचं काम त्या वेळी चालू होतं, त्यामुळे कुणा पाथरवटाने तो एका टेहळणी मनोऱ्याच्या पायाशी कोरून ठेवला. शोधायला वेळ लागतो. पश्चिमेच्या अंगाला जाऊन मान वर करून बघितलं की मनोऱ्याच्या तळाशी दगडातून बाहेर आलेलं एक डोकं आणि पुढचे पाय दिसतात. पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने शिंग गेलं, नाकाचा शेंडा गेला. ठाऊक नसेल तर रानडुक्कर वाटेल, किंवा नुसताच झिजलेला दगड. "एवढ्यासाठी आलो?" सहकाऱ्याने विचारलं. हो, एवढ्यासाठी. राजे आपल्या शवपेट्यांखाली हत्ती ठेवून गेले, पण गुजरातेतून गोव्यामार्गे जबरदस्तीने आणलेल्या एका बापड्या जनावराला इथे स्वतःची जागा मिळाली, तीही कुठल्या विजयाबद्दल नव्हे.

परतताना स्टेशनपासून चौकाकडे जाणाऱ्या रुआ दु आर्सेनालवर बाकाल्यावच्या दुकानात शिरलो. बाकाल्याव म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. तो पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही, नॉर्वे-आइसलँडकडून येतो, तरी ह्यांचं राष्ट्रीय अन्न तेच. दारातच तो वास नाकात भरला आणि पावसाळ्याआधी माळ्यावर बोंबलाचे डबे भरून ठेवणारी माझी आत्या आठवली. मासे फळ्यांसारखे थप्पीला लावलेले, पिवळट, मिठाने पांढुरके. दुकानदार सत्तरीचा. मी दाखवलेला तुकडा त्याने करवतीच्या यंत्रावर धरला, कर्र आवाज झाला, मिठाचा भुगा उडाला.

"इंडिया?" त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं. "गोवा?"

"मुंबई."

"आ, बोंबाइं! ती तर आम्ही दिली. लग्नात."

बरोबर होतं त्याचं. १६६१ च्या तहात ब्रागांझाची कॅथरिन या पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला लिहून दिलं. गोव्यातला व्हाइसरॉय ते सोडायला इतका नाखूश होता की ताबा मिळता मिळता १६६५ उजाडलं.

"जावयाने परत नाही केली," मी म्हटलं. तो खो खो हसला आणि तुकडा प्लास्टिकमध्ये हवाबंद करायला लागला. चोवीस तास पाण्यात ठेवायचा, त्याने बोटांवर मोजून सांगितलं, पाणी तीनदा-चारदा बदलायचं, नाही तर मिठाने तोंड जळेल. मग बटाट्याच्या बारीक काड्या, कांदा, अंडं, वरून ऑलिव्ह.

मी म्हटलं, आमच्याकडे सुका मासा कोकम, खोबरं आणि भरपूर लाल मिरची घालून करतात, मी तसाच करणार.

"मिरची?" त्याचा चेहरा पडला. "नो, नो. बाकाल्यावमध्ये मिरची नाही घालायची."

"मिरची आमच्याकडे तुम्हीच आणलीत," मी म्हटलं.

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पुडक्याला आणखी एक प्लास्टिक गुंडाळलं. "हे तुझ्याच बॅगेत," सहकारी मागून म्हणाला.